तलवारवाल्या राणीचा डावा हात

निमोणे, ता. शिरूर
गुरुवार, १७ नोव्हेंबर २००५

चि. सौ. अनसाबाईस,

ज्ञानूदादाचे पोटभर आशीर्वाद. सोपानरावांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांचा तो रेल्वेतला जाड कोट आठवण म्हणून कपाटात ठेवला असशील तर बाहेर काढ. थंडी पडू लागली आहे. आठवणीपेक्षा छाती महत्त्वाची.

मी खुशाल आहे. ज्वारी गुडघ्याच्या वर गेली. सकाळी ओट्यावर बसलं की पाटाच्या कडेनं धुकं सरकताना दिसतं आणि मला वाटतं, आपली आई त्यातून डोक्यावर पाटी घेऊन येईल. सत्तरी आली तरी माझं हे असं. तू म्हणायचीस ना, "दादा मेंढरं राखत न्हवता, ढग राखत हुता." खरं आहे.

अक्षरावरून ओळखलं असशील की हे मी स्वतः लिहितोय. 'ळ'चं पोट अजून नीट वळत नाही, वेलांट्या कापतात. पण उजवा हात कामाला लागला. चार महिने डाव्या हातानं सही करत होतो, पोस्टमन म्हणायचा, "मास्तर, पहिलीत नाव घाला."

फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर तू रडायला लागलीस की मी हो म्हणतो, म्हणून पत्र. पत्रात तू रडलीस तर कागद भिजेल, पण मजकूर बदलणार नाही.

सोमवारी तू म्हणालीस, "दादा, रवीला तुझ्यापाशी ठिवून घे. तुझ्यापाशीच त्यो माणसात येतो. म्हैनाअखेर पाठवते." मी म्हणालो, "बघतो." जन्मात पहिल्यांदा तुला 'हो' सोडून दुसरं काही म्हणालो. दौंड स्टेशनातली शंटिंग करणारी गाडी मला फोनमधून ऐकू येत होती, पण तू येत नव्हतीस.

त्या 'बघतो'चं उत्तर या पत्रात आहे. जरा धीर धर. मास्तर माणूस मी, आधी धडा वाचणार, मग प्रश्नाचं उत्तर देणार.

गेल्या आठवड्यात माझी नात, सत्यजीतची सायली, येऊन राहिली होती चार दिवस. कॉलेजला सुट्टी होती. केस कापून टाकलेत तिनं, पण हसली की अगदी सोजरा. तुझी वहिनी गेल्यापासून या घरात असं मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं. तिच्या पिशवीत एक पत्त्यांचा जोड होता. मी म्हटलं, बदामसात खेळू. ती म्हणाली, "आजोबा, हे खेळायचे नाहीत. टॅरो म्हणतात याला. मैत्रिणीनं वाढदिवसाला दिले."

मी विचारलं, "भविष्य सांगतेस?"

"नाही हो. मी काहीच सांगत नाही. तुम्ही पत्ता ओढायचा, चित्र बघायचं आणि काय दिसतं ते तुम्हीच सांगायचं."

"म्हणजे चित्रवर्णन! तिसरीच्या परीक्षेला पाच गुणांना असायचं."

ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "हो, पाच गुणांना. ओढा आता तीन."

पहिला पत्ता निघाला तो बघून मी खूश झालो. एक जुनं घर, त्याचं अंगण, सहा पेले. प्रत्येक पेल्यात फूल खोचलेलं, आणि एक पोर दुसऱ्या लहान पोरीला एक पेला देतंय. जुन्या पाठ्यपुस्तकात कवितेच्या डोक्यावर असायचं ना, तसं चित्र. मी पाचपैकी सात गुणांचं वर्णन केलं. ते अंगण, तो ओटा, आणि ओट्यावर उभा राहून कविता म्हणणारा तुझा रवी. सहा वर्षांचा होता. सुट्टीत यायचा, हाताची घडी घालायचा, अख्खी कविता चालीत म्हणायचा आणि शेवटच्या ओळीला डोळे मिटायचा. मी मास्तरकीच्या इतक्या वर्षांत हजार पोरांच्या तोंडून त्या कविता ऐकल्या असतील. शेवटच्या ओळीला डोळे मिटणारा तो एकटाच.

सायली म्हणाली, "आजोबा, तुम्ही या चित्रातून बाहेरच येत नाही. दुसरा ओढा."

इतक्यात शेजारची कस्तुराबाई दूध घालायला आली. ओट्यावर पत्ते मांडलेले बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अगं बया! आन् पोपट कुठाय?" शिरूरच्या बाजारात पिंजऱ्यातला पोपट पत्ता ओढून देतो, तेवढंच ज्योतिष तिला ठाऊक.

"पोपट नसतो आजी यात. पत्ता आपणच ओढायचा."

"मंग बरंय, दाणं तरी घालाय नगं. बघ की गं, माझी म्हस कवा व्यायची ते निगतंय का."

"म्हशीचं नाही निघत यात."

"मंग काय कामाचं!" असं म्हणून ती बसलीच.

दुसरा पत्ता मी उलटला. एक गडी उभा, डोक्याला पट्टी बांधलेली, हातात काठी घट्ट धरलेली. पाठीमागं आठ काठ्या कुंपणासारख्या उभ्या. नजर तिरपी, कुठून कोण येतंय याच्यावर. मी तोंड उघडायच्या आत कस्तुराबाई वाकून म्हणाली, "ह्ये तर आपलं मास्तरच! फकस्त पट्टी डोस्क्याला बांधलीया, ती हाताला पायजे हुती. रवीनं ढकलल्यापास्नं मास्तर असंच दाराकडं बघत बसत्यात."

सायलीनं माझ्याकडं बघितलं. "ढकलल्यापासून?"

मी म्हणालो, "अगं, मोरीत पाय घसरला माझा..."

"व्हय व्हय, मोरीतच," कस्तुराबाई म्हणाली. "सगळ्या आळीला म्हाईत हाय, मास्तर. तुमी मोरी म्हंता म्हणून आमीबी मोरी म्हंतो." आणि दूध ओतून, भांडं झटकून निघून गेली.

तर अनसा, आता तुलाही सांगतो. मोरी नव्हती.

जुलैत तू मला बघायला आलीस, डिंकाचे लाडू घेऊन. माझ्या प्लास्टरवरून हात फिरवत म्हणालीस, "मोरीत काथ्याचं पायपुसणं तरी टाकायचं." मी म्हणालो, टाकतो. तू रवीला फोन करून मोरीला खडबडीत फरशी बसवून द्यायला सांगितलंस, आणि मी तुझ्यासमोर बसून लाडू खाल्ला.

शनिवार होता. चार वाजलेले. पुढच्या खोलीत माझा कवितेचा वर्ग बसला होता. तुला ठाऊक आहे, रिटायर झाल्यापासून दर शनिवारी आळीतली पोरं येतात. त्या दिवशी सात होती. रवी तेव्हा पाडव्यापासून माझ्याकडेच राहत होता. दोन मित्रांना घेऊन आला. प्यालेला होता, हे दारापासूनच कळलं. म्हणाला, "मामा, पोरं घालवा. आमाला बसायचंय."

त्याआधी तीनदा असं झालं होतं आणि तिन्ही वेळा मी पोरांना लवकर सोडलं होतं. त्या दिवशी का कोण जाणे, मी दारात उभा राहिलो. म्हणालो, "रवी, आत कविता चालू आहे."

तो म्हणाला, "मलाबी शिकवल्या हुत्या तुमी कविता. काय झालं माझं?"

आणि ढकललं. मी ओट्याच्या पायरीवर पडलो, मनगट खाली आलं. पण तुला खरं सांगू? हात मोडल्याचं दुखणं नंतर कळलं. तो प्रश्न आधी लागला.

हेही लिहितो, कारण लिहिलं नाही तर खोटं होईल. मित्र पळाले, रवी पळाला नाही. त्यानंच रस्त्यावर जाऊन जीप थांबवली, मला शिरूरला नेलं, आणि वाटभर माझा हात आपल्या मांडीवर धरून लहान पोरासारखा रडत होता. मी त्याला सांगितलं, "आईला सांगू नको. मोरी म्हणू." दुसऱ्या दिवशी तो दौंडला निघून आला आणि तुला काही बोलला नाही. खोटं त्याचं नव्हे, माझं होतं.

आणि जीपमध्ये बसायच्या आधी मी ओट्यावर भेदरून उभ्या असलेल्या त्या सात पोरांकडं वळून म्हणालो होतो, "कुणी विचारलं तर गुरुजी मोरीत घसरले असं सांगा." सात माना हलल्या. पस्तीस वर्षं मास्तरकी केली अनसा, एका पोरावर छडी कधी उगारली नाही की उत्तरपत्रिकेत अर्धा गुण चुकवला नाही. आणि त्या दिवशी सात पोरांना खोटं बोलायला शिकवलं, तेही एका वाक्यात. त्यानंतरच्या शनिवारी एकही पोर आलं नाही. आया पाठवीनात. त्यांचं काय चुकलं? दिवाळीपर्यंत ओटा रिकामा. मी कवितेची पुस्तकं काढून एकटाच मोठ्यानं म्हणायचो, आणि कडवं संपलं की कुणीतरी पुढचं उचलेल म्हणून थांबायचो.

भाऊबीजेला एसटी चुकली म्हणून कळवलं होतं. एसटी समोर उभी होती. तुझ्या ताटातल्या निरांजनासमोर बसून, शेजारी रवी उभा असताना, परत मोरीची गोष्ट सांगायची माझी ताकद नव्हती.

आता तिसरा पत्ता. सायलीनं तो माझ्याऐवजी स्वतःच उलटला.

एक राणी. उंच आसनावर बसलेली, आजूबाजूला ढग. तोंड करारी. उजव्या हातात तलवार, अगदी सरळ वर धरलेली. मी म्हणालो, "रागावलीय. शिक्षा देणार कुणाला तरी."

"आणि डावा हात?" सायलीनं विचारलं.

मी चष्मा पुसून बघितलं. डावा हात पुढं केलेला होता, उघडा. समोरून कुणी येत असावं आणि ती त्याला म्हणत असावी, ये.

"दोन्ही एकदम कसं काय?" मी विचारलं. सायली म्हणाली, "मी सांगत नसते आजोबा. वर्णन तुमचं."

मग मला आई दिसली. तुला आठवते का ती संध्याकाळची? दिवाळी झाली की आपली मेंढरं घेऊन आपण भीमेच्या काठाला उतरायचो, लोकांच्या रानात बसायचो. दिवस कलला की आबा जाळ्याची वाघूर लावायचे. बाभळीच्या मेखा ठोकून त्यांना सुतळीचं जाळं ताणायचं, की झालं मेंढरांचं घर. वारा आत यायचा, चांदणं आत यायचं, पलीकडचा माणूस दिसायचा, बोलणं ऐकू यायचं; फक्त जाणं-येणं एकाच तोंडानं. त्या तोंडाशी आई उभी असायची. उजव्या हातात काठी. आणि डाव्या हातानं एकेका मेंढीच्या पाठीवर थोपटून तिला आत घ्यायची. राणीचा मुकुट सोडला तर आई हुबेहूब.

आणि मग ती दुसरी संध्याकाळ आठवली. ती तुलाही आठवत असणार, आपण दोघंही कधी बोललो नाही. मी नऊ वर्षांचा, तू पाच. आई चुलीशी होती. एक कोकरू बाहेर राहिलं होतं, जाळ्याशी तोंड लावून ओरडत होतं, आणि आतून त्याची आई ओरडत होती. तू रडायला लागलीस. "दादा, त्याला आत घी की." तोंड पलीकडच्या बाजूला होतं, मला तेवढाही दम नव्हता. मी मेख उपटली, जाळं वर केलं. कोकरू आईला लुचायला लागलं, शेपटी कशी हलत होती त्याची! तू टाळ्या वाजवल्यास. आपण दोघं ते बघत उभे राहिलो. दिवे लागायच्या वेळेला लांडगा त्याच फटीतून आत शिरला. दोन कोकरं गेली. एक तेच होतं.

आबांनी मारलं नाही. ती मेख माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आत घेतलंस त्ये ब्येस केलंस. मेख कुणी ठोकायची?"

साठ वर्षं मला वाटत आलं की त्या दिवशी माझी चूक दया दाखवण्याची होती. म्हणून कुणाला नाही म्हणायचं झालं की मला ते कोकरू आठवायचं आणि मी दुप्पट दया दाखवायचो, जणू भरपाई. ओट्यावर बसून राणीचा तो हात बघताना आबांचं वाक्य मला पहिल्यांदा पुरतं ऐकू आलं. आत घेणं बरोबरच होतं. मेख ठोकायची राहिली.

रवीला मी लांडगा म्हणत नाही, हे दहा वेळा वाच. तोही आपलंच कोकरू. पण त्याला आत घेताना मी चार वेळा मेख उपटली, तीनदा पोरांना लवकर सोडून आणि चौथ्यांदा मोरी म्हणून, आणि चारही वेळा ती ठोकायची सोडून नुसता बघत उभा राहिलो.

गेल्या शनिवारी मी आळीत घरोघर गेलो. सातही पोरांना बोलावलं, आयांनाही बोलावलं. पाच पोरं आली, तीन आया आल्या, कस्तुराबाई तर चुलीवरची भाकरी उतरवून आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "जुलैत मी तुम्हाला खोटं बोलायला सांगितलं. मी मोरीत पडलो नव्हतो. मला ढकललं होतं, आणि मला लाज वाटली म्हणून मी लपवलं. गुरुजी चुकले." कस्तुराबाईची नात प्रगती म्हणाली, "गुरुजी, मग आता आम्ही मोरी म्हणायचं का नाही म्हणायचं?" मी म्हटलं, "नाही म्हणायचं." तिनं असा मोठा श्वास सोडला! चार महिने ते ओझं त्या नऊ वर्षांच्या पोरीनं वाहिलं होतं.

मग मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. यमक जुळवायची खोड माझी जात नाही, तू हसशील. पण पोरांनी लगेच चाल लावली:

दाराला या कडी आहे, तिला आहे आवाज,
वाजवा नि थांबा थोडं, एवढाच रिवाज.
आत घोंगडी अंथरलेली, माठात पाणी गार,
कडी आहे म्हणून तर उघडं राहतं दार.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

रवीनं माझ्याकडं राहायला यायचं नाही. महिनाअखेरही नाही, पाडव्यालाही नाही. घराची किल्ली त्याच्याकडं राहिली आहे. ती तू ठेवून घे. कुलूप मी बदललं आहे, पण किल्ली त्यानं आपल्या हातानं तुझ्याकडं द्यावी असं मला वाटतं.

शिरूरला माझा जुना विद्यार्थी भिमाजी ग्रिल-गेट बनवायचं वर्कशॉप चालवतो. पाबळला वेल्डिंग शिकून आलेला मुलगा, कामाला कडक, जिभेला गोड. मी परवा स्वतः जाऊन त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो म्हणाला, "गुरुजी, वेल्डिंगच्या हाताला थरथर चालत न्हाई. प्यायला तर त्या दिवशी काम न्हाई, जेवण मात्र हाय. मागं खोली हाय, राहूद्या." रवीला यायचं असेल तर तिथं यावं. नसेल यायचं तर तो सत्तावीस वर्षांचा आहे, त्याचं त्यानं ठरवावं.

आणि दर रविवारी सकाळच्या गाडीनं त्यानं माझ्याकडं यावं. कडी वाजवावी. मी पिठलं-भाकरी करीन, त्याला आवडतं तसं लसूण घालून. दुपारभर बसू, आणि पाचच्या गाडीनं त्यानं परत जावं. पिऊन आला तर दार उघडणार नाही. ताट ओट्यावर आणून देईन आणि तो जेवेपर्यंत खिडकीशी बसेन. पुढच्या वेळी परत वाट बघीन. एका शनिवारी त्यानं लवकर येऊन त्या पोरांसमोर उभं राहावं, अशी माझी इच्छा आहे. ती अट नव्हे. अटी वर लिहिल्या, त्या तेवढ्याच.

त्यानं मला विचारलं होतं, कविता शिकून माझं काय झालं? त्याला सांग, मामाला उत्तर अजून सापडलेलं नाही. रविवारी ये, दोघं मिळून शोधू.

तू रागावशील. मला ठाऊक आहे, पहिलं पान संपतानाच तुझा चेहरा उतरला असेल. तुला वाटेल, दादानं दार लावलं. अनसा, माझ्या घराला इतकी वर्षं दारच नव्हतं. कुणीही यावं, काहीही करावं, आणि मी कोपऱ्यात कविता म्हणत बसावं. आता दार बसवलं आहे. तू महिनाभर बोलली नाहीस तरी हा मजकूर बदलणार नाही, आणि मी तुझा दादा राहायचाही थांबणार नाही. हे दोन्ही मला एकदम जमतं, हे मलाच नवीन आहे.

माझी भाऊबीज राहिली आहे. पुढच्या गुरुवारी शिरूर-दौंड गाडीनं मी येतो. सोपानरावांसाठी हुरड्याची वेळ नाही अजून, पण शेवग्याच्या शेंगा आणीन. तुझ्या दारात आलो की सरळ आत शिरणार नाही, जसा आयुष्यभर शिरलो. कडी वाजवीन आणि पायरीवर थांबेन. तुला वेळ लागला तरी थांबेन. उघडणं तुझ्या हातात.

तुझा,
उजव्या हातानं हे पत्र लिहिणारा, आणि डावा हात पुढं केलेला,
ज्ञानूदादा